किट पेनचा हंबरडा

क्षितिज पानवलकरचं बालपण अतोनात दुःखात गेलं, हे अख्ख्या ब्रिटनला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त त्याच्या आईवडिलांना.

वडील डॉक्टर जयंत पानवलकर, भूलतज्ज्ञ. रिटायर होईपर्यंत त्यांनी निम्म्या हर्टफर्डशरला झोपवलं आणि, हेही सांगायला हवं, परत उठवलं. आई सुप्रभाताई. वॉटफर्डमध्ये तीन बेडरूमचं घर, पुढे गुलाब, मागे गार्डन. घरात ऊब एवढी की जानेवारीत पोस्टमन पत्र नसलं तरी दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीत बोटं घालून शेकून जायचा. कारण सुप्रभाताईंच्या साबुदाण्याच्या पापड्या. इंग्लंडच्या उन्हात टॉवेल वाळत नाही, तिथे पापडी काय वाळणार? म्हणून त्या घर तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळवायच्या, आणि पापड्या नीट वाळाव्यात म्हणून हीटिंग थेट मे महिन्यापर्यंत चालू. अशा घरात वाढलेल्या मुलाने आपल्या बँडचं नाव काय ठेवावं? 'कोल्ड रेडिएटर'.

क्षितिज हे नाव इंग्रजांच्या जिभेला पेलेना, म्हणून शाळेतच त्याचा किट झाला होता. पानवलकरचं पेन मात्र त्याने स्वतःहून केलं. पेन म्हणजे वेदना. बापाने जन्मभर लोकांची जी घालवली, ती पोराने आडनाव म्हणून लावून घेतली.

तर हा किट पेन आल्टर्नेटिव्ह रॉक गातो. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या रॉकमध्ये गाणारा उड्या मारतो आणि लोक नाचतात. आल्टर्नेटिव्हमध्ये गाणारा आपल्या बुटांकडे बघत गातो, आणि लोक नाचले तर त्याला अपमान वाटतो. कपडे काळे, डोळ्यांखाली काळं, आणि चेहरा असा की नुकतीच बस चुकली आहे आणि पुढची येणारच नाही. पण या सगळ्यापेक्षा किट पेन प्रसिद्ध होता तो एका गोष्टीसाठी. त्याचा हंबरडा.

गाण्याचं नाव 'नोबडी केम टू वॉटफर्ड'. गाणं संपता संपता सगळी वाद्यं थांबायची, आणि किट पेन एक सूर लावायचा आणि तो सोडायचाच नाही. एका श्वासात. लोक रडायचे. ग्लासगोमध्ये त्या एका सुरात एका जोडप्याचं भांडण झालं, लग्न मोडलं, समेट झाला आणि दोघं बारकडे निघालीसुद्धा, तरी सूर चालूच होता. बर्मिंगहॅमला एका माणसाने तेवढ्यात पार्किंगचे पैसे भरून येऊन परत जागा पकडली. इंग्रजी पेपरांनी लिहिलं, हा एका पिढीच्या जखमेचा आवाज आहे.

तो आवाज कुठला होता, ते आता ऐका.

वॉटफर्डच्या मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो, बॅडमिंटन कोर्टाच्या दोन रेघांच्या मध्ये. आरत्या सुरू झाल्या की शेवटाकडे ती एक ओळ येते. कुठली, ते मराठी माणसाला सांगायला नको. ती ओळ लांबवायची असते, आणि ती लांबवताना भक्ती कुठल्या कुठे पळते आणि उरते ती निव्वळ ईर्षा. ज्याचा श्वास आधी संपला तो बाद. मध्येच कुणी चोरून श्वास घेतला तर विचारूच नका, त्याचं नाव पुढच्या गणपतीपर्यंत निघतं. या प्रकारात डॉक्टर जयंत पानवलकरांना जोड नव्हती. एका वर्षी त्यांनी सूर धरला तेव्हा समई तेलाने भरलेली होती, सोडला तेव्हा वात विझून गार झालेली होती. दुसऱ्या वर्षी प्रसाद वाटून झाला, खुर्च्या रचून झाल्या, हॉलची किल्ली न्यायला चर्चचा पाद्री आला, आणि दारातच हात जोडून उभा राहिला, कारण डॉक्टर अजून त्याच अक्षरावर होते. दुसरा नंबर कायम सुप्रभाताईंचा. आणि तिसरा, वयाच्या बाराव्या वर्षापासून, क्षितिजचा.

पुढे हा तिसरा नंबर कॅमडेनच्या एका पबमध्ये पहिल्यांदा गायला उभा राहिला आणि गाण्याचे शब्द विसरला. समोर सगळे बियरचे ग्लास घेऊन बघतायत. भीतीने माणूस जे येतं तेच करतो. क्षितिजने डोळे मिटले, पोटात श्वास भरला आणि गणपतीतला सूर लावला. पब गप्प. कुठल्याशा म्युझिक पेपरचा माणूस तिथे केवळ टॉयलेटसाठी शिरला होता, तो तसाच अर्ध्या वाटेत थांबला. त्याने नंतर विचारलं, ही वेदना येते कुठून?

खरं उत्तर होतं, "चर्चच्या हॉलमधून, प्रसादाच्या जरा आधी." ते दिलं असतं तर गडी आज ईलिंगमध्ये डेंटिस्ट होऊन लोकांचे दात काढत असता. तो बुटांकडे बघत एवढंच म्हणाला, "होम."

एवढा एक शब्द. बाकीचं त्या माणसाने भरलं. मग दर मुलाखतीत घराचं तापमान उतरत गेलं. पहिल्या मुलाखतीत घर थंड झालं. दुसरीत हीटिंग कापलं गेलं. तिसरीत वडील घर सोडून गेले. चौथीत आईने बोलणंच टाकलं. सुप्रभाताईंनी! ज्या बाईंनी एकदा गॅस कंपनीच्या माणसाला फोनवर बोलून बोलून रडवलं आणि मग कीव येऊन जेवायला बोलावलं, त्यांनी. आणि वॉटफर्डला कुणी आलं नाही म्हणून जे गाणं, त्यात म्हणे शाळेच्या कॉन्सर्टला या मुलासाठी कुणी म्हणजे कुणी आलं नव्हतं. वास्तविक त्या कॉन्सर्टला मंडळ कोच, म्हणजे अख्खी बस, करून आलं होतं. बटाटेवड्यांचे डबे उघडल्यामुळे हेडमास्तरांना दोनदा सूचना द्यावी लागली होती.

घरी हे सगळं वाचलं जायचंच.

"अहो, तुम्ही घर सोडून गेलात म्हणे," सुप्रभाताई पेपर पुढे सरकवत म्हणाल्या होत्या.

"कधी?"

"क्षितिज सात वर्षांचा असताना."

"मग मंगळवारी कचऱ्याची बिन बाहेर कोण ठेवतं?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "जाऊ दे गं. धंद्याचा भाग आहे. मी नाही पेशंटला सांगायचो, काही दुखणार नाही म्हणून?"

डॉक्टरांचं तेवढ्यावर भागलं. सुप्रभाताईंचं भागलं नाही. पोराने बापाला पळवलं, आईला मुकी केली, ते त्यांनी गिळलं. पण अधिकृतरीत्या नसलेल्या आईवडिलांना पुढच्या रांगेत कसं बसवणार? म्हणून इतक्या वर्षांत त्यांना एका कार्यक्रमाचं बोलावणं नाही. दिवाळीला पोरगा यायचा तो हुडी घालून, गार्डनच्या मागच्या दाराने, अंधार पडल्यावर. शेजारच्या बाईंनी एकदा पोलिसांना फोनही केला होता. पोलीस आले, चिवडा खाऊन गेले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. कोल्ड रेडिएटरच्या पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं होणार होती, आणि त्यासाठी कॅमडेनमधल्या एका जुन्या थिएटरात मोठा शो ठरला. तिकिटं बघता बघता संपली. लोक येणार होते ते एकाच गोष्टीसाठी, आणि नेमकी तीच निघेना. रिहर्सलला किटने सूर लावला, आणि अर्ध्यावर तो जुन्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा घरघरून बंद पडला. परत लावला, परत बंद. वय पन्नाशीला टेकलेलं, आणि पंचवीस वर्षांच्या सिगरेटी.

त्याची मॅनेजर टॅम्सिन म्हणाली, "डार्लिंग, टेप लावू. कोणाला कळणार नाही."

पण तिथेच गोची होती. एकदा टीव्हीवर बसून या पठ्ठ्याने दुसऱ्या एका गायकाला सुनावलं होतं की टेपवर ओठ हलवणाऱ्याने आपली जीभ सरकारजमा करावी. ती क्लिप आजही लोक एकमेकांना पाठवतात. टेप पकडली गेली तरी हसं, आणि स्टेजवर श्वास तुटला तरी हसं. पंचवीस वर्षांची वेदना एका संध्याकाळी विनोद होऊन जायची, आणि या माणसाकडे विकायला दुसरं काही नव्हतंच.

तेव्हा तो वॉटफर्डला आला. हुडी, काळा चष्मा, गार्डनचं दार.

"हुडी काढ आधी," सुप्रभाताई म्हणाल्या. "स्वतःच्या घरात चोरासारखा काय बसतोस?"

"आई, सीरियस आहे. माझी श्वास पुरत नाही."

"जेवलास का?"

"आई, आय ॲम टेलिंग यू माझं करिअर इज फिनिश्ड, आणि तू—"

"करिअर जेवून संपव. बस."

बसला. फ्लॉवरची भाजी, पोळी, आमटी. डॉक्टर समोर बसून त्याच्या खांद्यांकडे बघत होते.

"लाव सूर," ते म्हणाले.

"आत्ता? तोंडात पोळी आहे, बाबा."

"गीळ आणि लाव."

त्याने लावला. तुटला. डॉक्टर म्हणाले, "श्वास खांद्यात घेतोस. खांदे काय हवा साठवायला दिलेत? पोटात घे. लहानपणी बरोबर घ्यायचास. नंतर ते दुःखी दिसायला म्हणून वाकून उभा राहायला लागलास, आणि फुप्फुसांची घडी झाली."

मग त्यांनी ब्रिटनच्या जखमी पिढीच्या आवाजाला लिव्हिंग रूमच्या कार्पेटवर उताणं झोपवलं आणि त्याच्या पोटावर चपातीच्या आट्याची मोठी पिशवी ठेवली. "वर उचल. खांद्याने नाही, पोटाने. हं, आता सोड. हळू. टायर पंक्चर झाल्यासारखा नको सोडूस."

तासभर हे झाल्यावर सुप्रभाताई हात पुसत आल्या. "शिकवायचं ते शिकवा. पण माझी अट आहे. या वर्षी गणपतीला हॉलमध्ये यायचं. सगळ्यांसमोर आरतीला उभं राहायचं. आणि पुढच्या दाराने."

पिशवी पोटावरून घसरली. "आई, नो! कोणी फोटो काढला तर? आय ॲम सपोज्ड टू बी..."

"अनाथ."

"अनाथ नाही. एस्ट्रेंज्ड."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आईवडील आहेत, पण आपण बोलत नाही."

"ते अनाथापेक्षा वाईट," सुप्रभाताई म्हणाल्या. "अनाथाचा निदान इलाज नसतो. पुढच्या दाराने, क्षितिज. नाहीतर उचल ती पिशवी आणि जा टॅम्सिनकडे."

गणपतीत तो आला. पुढच्या दाराने आला, पण काळा चष्मा ठेवून. फोटोची चिंता त्याने उगाच केली होती. फोटो पुष्कळ निघाले, पण सगळे गणपतीचे. हा कुठे आला असेल तर कोपऱ्यात, अर्धा. बायकांनी त्याला बघितलं आणि ब्रिटनमधल्या कुठल्याच समीक्षकाने विचारला नसेल असा प्रश्न विचारला.

"अजून ते बँडचंच चाललंय का रे? की काही नोकरी वगैरे?"

"बारीक झालास. तुम्हा बँडवाल्यांना जेवण देत नाहीत का?"

"आमची शाल्मली पण गिटार शिकत होती. मग कळायला लागलं तिला. फार्मसी केली."

मंडळाचा सेक्रेटरी सतीश. याचं एक आहे, हा माणूस कुणाच्याही आनंदाला कोच काढतो. त्याने क्षितिजच्या पाठीवर थाप मारली. "ये, उभा राहा माझ्या शेजारी. बघू वेदना किती टिकते."

ओळ आली. हॉल भरून सूर लागला. हळूहळू एकेक गळायला लागला. सतीश खोकून बाद. मागची सगळी तरुण मंडळी बाद. उरले तिघे, जुने नंबर. क्षितिजचा चेहरा वांग्यासारखा झाला, पण टिकला होता. आणि मग घात झाला. स्टेजवर माणूस मायक्रोफोनमागे लपून जे करतो, ते त्याने सवयीने केलं. तोंड जरासं वळवलं आणि चिमूटभर श्वास आत ओढला.

सुप्रभाताईंनी स्वतःचा सूर टाकला, हरल्या, पण बोट दाखवलंच. "चोरलास! श्वास चोरलास!"

अख्खा हॉल वळला. समोरची लहान पोरं "चीटर, चीटर" म्हणून नाचायला लागली. डॉक्टर मात्र शांतपणे आणखी बराच वेळ एकटेच गात राहिले, मग खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि विजयी माणसासारखा उजवा हात वर केला. तो हात ते दर वर्षी वर करतात.

प्रसाद घेता घेता सतीशने जाहीर केलं, "ऑक्टोबरमध्ये आपल्या क्षितिजचा कॅमडेनला कार्यक्रम आहे. मंडळाची कोच जाईल. नावं द्या."

"सतीशकाका, प्लीज!" क्षितिजचा मोदक घशात अडकला. "तिकिटं संपली आहेत."

"टॅम्सिनला फोन केला मी. मोठी गोड बाई आहे. बाल्कनीत चाळीस जागा ठेवल्या आहेत म्हणाली. तिला वाटलं आम्ही कुठली तरी चॅरिटी आहोत. मी म्हटलं, आहोतच."

मग क्षितिज सुप्रभाताईंजवळ गेला. "आई, या. ओके? पण वरती बसा. आणि कोणाला सांगू नका तुम्ही माझे कोण आहात."

वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं तशा, आयुष्यात पहिल्यांदा, सुप्रभाताई गप्प बसल्या. क्षितिज लगेच दुसरीकडे बघायला लागला.

ऑक्टोबरात कोच निघाली. काढलीच आहे तर म्हणून सतीशने वाटेत किंग हेन्रीज रोडवर, बाबासाहेब शिकत असताना राहिले त्या घरी जायचं जोडून टाकलं. तिथून सगळे थेट थिएटरला. पंधराशे माणसं काळ्या कपड्यांत रांगेत उभी, आणि त्यांच्या मधून मोरपंखी पैठणी नेसलेल्या सुप्रभाताई. पोरांनी वाट करून दिली. त्यांना वाटलं ही कुणीतरी फारच पुढची आल्टर्नेटिव्ह आहे.

दाराशी सिक्युरिटीच्या माणसाने पिशवी उघडली. "मॅडम, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे बाहेरचं नाही, घरचं आहे," सुप्रभाताई म्हणाल्या.

माणूस दरवाजाएवढा रुंद होता. त्याने बेसनाचा लाडू हातात घेऊन टॉर्चने तपासला, मग खाऊन तपासला. तिसरा तपासल्यावर त्याने डबा आत जाऊ दिला. डब्यापाठोपाठ चाळीस माणसंही तपासणीशिवाय गेली.

असे कार्यक्रम असतात तसाच झाला. अंधार, धूर, बूट. बाल्कनीत कुणी कानात कापूस घातला, कुणी विचारलं की हे सूर जुळवतायत की गाणं सुरू झालंय. डॉक्टर हातांची घडी घालून फक्त पोराच्या खांद्यांकडे बघत होते. सुप्रभाताई पुढे सरकून कठड्याला टेकल्या होत्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या आपल्या मुलाला उजेडात गाताना बघत होत्या, आणि तोही उजेड जांभळा होता.

मग ते गाणं आलं. वाद्यं थांबली. खाली पंधराशे फोन वर झाले. टॅम्सिन विंगेत, टेपच्या बटणावर बोट ठेवून उभी. किट पेनने डोळे मिटले, खांदे खाली सोडले, पोटात श्वास घेतला आणि सूर लावला.

चांगला लागला. स्वच्छ लागला. आणि इथेच गडबड झाली. बाल्कनीतल्या त्या चाळीस माणसांनी तो सूर आयुष्यात कधी नुसता बसून ऐकलेला नव्हता. तो सूर कानावर आला की तोंड उघडायचं, एवढंच त्यांना माहीत. आधी सतीशचं तोंड उघडलं. मग त्याच्या शेजारच्याचं. कापूस घातलेल्यांनी कापूस काढला. बघता बघता चाळीसही जण उभे राहिले, हात आपोआप जोडले गेले, आणि वरून असा सूर कोसळला की थिएटरच्या छताला शंभर वर्षांची चिकटलेली धूळ खाली पडली. कॅमडेनच्या कालव्यात बदकं उलट दिशेने पोहायला लागली, असं नंतर सतीश सांगत होता. मी एवढंच म्हणेन की सरळ पोहणारं बदक त्या रात्री मी तरी पाहिलं नाही.

किटने डोळे उघडले. वर बघितलं. आणि त्याचा श्वास संपला.

पण सूर थांबला नाही. पंधराशे माणसं गर्रकन वळली, पंधराशे फोन वळले. बाल्कनीत स्पर्धा रंगली होती. आपण कुठे आहोत, कशाला आलोय, कुणालाही भान नव्हतं. सतीश बाद झाला, कपाळावर हात मारून खाली बसला. एकेक करत रांगाच्या रांगा बसल्या. उरले दोघं, नवरा-बायको, शेजारी शेजारी, एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत.

खाली किटने हळूच तोंड वळवलं, श्वास घेतला आणि परत सुरात शिरला.

सुप्रभाताईंनी सूर टाकला. कठड्यावरून अर्ध्या बाहेर झुकल्या, आणि त्या सुरावरूनही त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "क्षितिज! परत चोरलास! मी बघितलं!"

किट गप्प झाला. बारा वर्षांच्या मुलासारखा खाली मान घालून गप्प झाला. वर डॉक्टर एकटे गात राहिले. किती वेळ, ते विचारू नका. एवढंच सांगतो की बारमध्ये काही जणांनी शेवटची ऑर्डर दिली, ती आली, ती प्यायले, आणि बार बंद झाला. मग डॉक्टर थांबले. रुमालाने कपाळ टिपलं. उजवा हात वर केला.

टाळ्यांनी थिएटर दणाणलं. माणसं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. आल्टर्नेटिव्हमधली माणसं, मिठ्या! टॅम्सिनचं बोट बटणावरच राहिलं होतं.

आता स्टेजवर किट पेन एकटा, हातात माइक, आणि पंधराशे चेहरे त्याच्याकडे. हे कोण, हे त्याला सांगणं भाग होतं. त्याने वर बघितलं. सुप्रभाताई अजून कठड्याला धरून उभ्या होत्या, पण बोट खाली गेलं होतं. काय केलं आपण, हे आता त्यांच्या लक्षात आलं असावं. पोराने एक गोष्ट सांगितली होती, कोणाला सांगू नका, आणि त्यांनी ती पंधराशे लोकांपुढे ओरडून मोडली होती. त्या मागे सरकल्या, पदराने तोंड पुसलं आणि अंधारात बसल्या.

ते त्याला बघवलं नाही बहुतेक.

"दॅट्स माय डॅड," तो म्हणाला. "अँड दॅट्स माय मम. स्टँड अप, आई. प्लीज."

मग पंधराशे माणसं हसली. इतकी हसली, टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. ज्याचा बाप सातव्या वर्षी घर सोडून गेला त्याने स्टेजवरून असं म्हणावं, यापेक्षा कडवट विनोद त्यांनी ऐकला नव्हता.

"नो, रिअली!" किट ओरडला. "ही वॉज ॲट होम! द होल टाइम! द हीटिंग वॉज ऑन!"

लोक हसता हसता खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की किट पेनने आपल्या पळून गेलेल्या वडिलांची रिकामी जागा चाळीस अनोळखी वृद्धांच्या कोरसने भरली, आणि मध्येच अज्ञात भाषेत किंचाळणारी ती स्त्री म्हणजे त्याच्या मुक्या आईचा दडपलेला आवाज होय. पाच तारे. ही समीक्षा लिहिणारा गृहस्थ शो संपल्यावर फोयरमध्ये सुप्रभाताईंना भेटलासुद्धा होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, रेडिएटर, पापड्या, कोच, वडे. तो डोळे विस्फारून ऐकत राहिला आणि शेवटी अदबीने म्हणाला, "तुम्ही अजूनही भूमिकेतच आहात का?"

पण ते नंतर. त्याआधी मेकअप रूममध्ये काय झालं ते सांगून थांबतो.

क्षितिज खुर्चीत बसला होता, थंडीने काकडत. डॉक्टर सोफ्यावर पडल्या पडल्या गाढ झोपले होते. जन्मभर दुसऱ्यांना उठवणारा माणूस, त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. सुप्रभाताई आत आल्या, भिंतीजवळ गेल्या आणि सवयीने रेडिएटरला हात लावला.

"हा गार आहे," त्या म्हणाल्या.

"आय नो. सकाळपासून बंद आहे."

"आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?" सुप्रभाताईंनी दार उघडलं, बाहेर जो दिसला तो थिएटरचा मॅनेजर निघाला, आणि मग पॅसेजमधून पाच मिनिटं फक्त त्यांचाच आवाज येत होता. पाइपांमध्ये गुरगुर झाली. रेडिएटर तापायला लागला. त्या परत आल्या, खांद्यावरची शाल काढून क्षितिजच्या गळ्याभोवती गुंडाळली.

"आई, कोणी बिलीव्हच नाही केलं," तो म्हणाला. "मी खरं सांगितला आणि ते हसले."

"पंचवीस वर्षं खोटं सांगितलंस तेव्हा हसले होते का?"

"नाही."

"मग बरोबर आहे. आता खरं सांगत राहा. पंचवीस वर्षांनी बघू." त्यांनी डबा उघडला. सिक्युरिटीवाल्याने एक लाडू ठेवला होता. "परत कधी आहे तुझं?"

"फेब्रुवारी. लीड्स." तो लाडूकडे बघत म्हणाला. "टॅम्सिन म्हणते बाबांना पण घेऊ. पोस्टरवर. तू येशील?"

"वरती बसून?"

"पुढच्या रांगेत."

सुप्रभाताईंनी डब्याचं झाकण लावलं. "बघते. सतीशला विचारायला पाहिजे, कोच मिळते का. आणि क्षितिज."

"काय?"

"तिथे चोरलास तर तिथेही सांगेन."